खुट्टूच्या मिशा, गुबीचे गाल

कान इकडं. नाक इकडं. जांभई नंतर.

एक पैज लागली. लई येडपट पैज.

पैज लावली बेडकानं. पैज घेतली उंदरानं.

उंदराचं नाव खुट्टू. खुट्टू एवढुसा. अंगठ्याएवढा. पण मिशा? मिशा ह्या एवढ्या! तीन इकडं, तीन तिकडं. खुट्टू चालायला लागला की मिशा आधी पोचायच्या. खुट्टू मागनं.

बेडकाला मिशा नव्हत्या. एक पण नव्हती. म्हणून तो रोज खुट्टूच्या मिशांकडं बघायचा आणि आवंढा गिळायचा. गटक.

एक दिवस बेडूक म्हणला, "ए खुट्ट्या! तुला मासा धरता येतो का?"

खुट्टूनं जन्मात मासा धरला नव्हता. पण कबूल कोण करणार?

"येतो की! त्यात काय?"

"मासे कुठं लागतात, माहितीय?"

"आख्ख्या वाडीत मलाच माहितीय."

"मग भोंग्याच्या आत एक मासा आणून दाखव."

"एक? हॅ! दोन आणतो!"

"नाही आणलेस तर?"

"तर... तर माझ्या मिशा तुझ्या!"

"आणि आणलेस तर?"

"तर तू घोडा. मी तुझ्या पाठीवर बसून घरी जाणार."

"लागली?"

"लागली!"

बघा. लागली म्हणे.

भोंगा म्हंजे साखर कारखान्याचा. दुपारी बाराला वाजतो. भोंऽऽऽ! तो वाजला की मिशा गेल्या. आणि मिशा गेल्या की उंदराला अंधारात बीळ सापडत नाही. दाराला डोकं आपटतं. ठण्ण!

बेडूक पळत शिंप्याकडं गेला. कात्री घेऊन आला. कचक कचक.

खुट्टू घरी गेला. "आई, मी मासे धरायला चाललो."

आई म्हणली, "जा की. पण गुबीला घेऊन जा. मला घर आवरायचंय."

गुबी म्हंजे खुट्टूची धाकटी बहीण. शेंगदाण्याएवढी. गाल गुबगुबीत. तोंड दिवसभर चालू. "दादा, हे काय? दादा, ते काय? दादा, का? दादा, का नाही?" आणि दादानं मिशांनी पोटाला गुदगुली केल्याशिवाय ती झोपायचीच नाही.

खुट्टूनं खराट्याची एक काडी घेतली. काडीला गोधडीचा दोरा बांधला. दोऱ्याला वाकडी टाचणी. झाला गळ! टाचणीला आईनं लावली कणकेची गोळी. गूळ घालून मळलेली. ज्वारीच्या दाण्याएवढी. एकच.

खुट्टू म्हणला, "गुबे, ऐक. मासे धरायला गेलं की बोलायचं नाही. बोललं की मासे पळतात. तोंड उघडायचंच नाही. मी सांगेपर्यंत. कळलं?"

गुबीनं मान हलवली. तोंड मिटलं. टक्क.

खुट्टूनं काडी खांद्यावर टाकली. गोळी मागं लोंबायला लागली. आणि मागं कोण होतं? गुबी.

पुढं खुट्टू, तुरू तुरू.
मागं गुबी, तुरू तुरू.
तिच्या मागं बेडूक, टपाक टपाक.
हातात कात्री, कचक कचक.

आलं तळं. तळं झकास होतं. वर करंजाची सावली. काठाला पाणी गुडघ्याएवढं. उंदराच्या गुडघ्याएवढं!

खुट्टूनं गळ टाकला. डुबुक.

मासा वर आला. बुडबुड. "हे काय?"

"गळ आहे."

"गळ दिसतोय. गोळी कुठंय?"

खुट्टूनं बघितलं. टाचणी रिकामी!

"गोळी गेली! गुबे, गोळी बघितलीस?"

"म्म्म."

"वाऱ्यानं नेली का?"

"म्म्म."

"मुंग्यांनी नेली का?"

"म्म्म."

गुबीचा डावा गाल जरा फुगला होता. तुम्हाला दिसला? मग गप्प बसा. सांगू नका.

मासा म्हणला, "हे बघ. एक गोळी, एक मासा. नुसती टाचणी, नुसतं पाणी. गोळी आण, मग येतो. नाहीतर नाही."

आणि गेला खाली. बुडुक.

बेडूक म्हणला, "मिशा! मिशा! भोंगा झाला की माझ्या मिशा!" कचक कचक.

खुट्टूनं मिशा घट्ट धरल्या. आता गोळी कुठनं आणायची?

"सरूमावशीकडं! ती रोज कणीक मळते."

पुढं खुट्टू, तुरू तुरू.
मागं गुबी, तुरू तुरू.
तिच्या मागं बेडूक, टपाक टपाक.
हातात कात्री, कचक कचक.

आली विहीर. विहिरीत मासे होते. पण विहीर लई खोल. गुबी वाकून बघायला लागली. खुट्टूनं तिला शेपटी धरून मागं ओढलं. "नको गं बाई! ही जागा नको."

विहिरीशेजारी सरूमावशीचं घर. ओट्यावर परात. परातीत पीठ. पिठासमोर मावशी, कमरेवर हात ठेवून.

"मावशी गं मावशी, गोळी दे की!
मासा गिळेना,
मिशा काही वाचेनात!"

मावशी म्हणली, "देते की रे, राजा. पण पीठ मळू कशानं? थुंकीनं? रहाट फिरेना, पाणी येईना. रहाट फिरला तर मळेन. नाहीतर नाही."

"मिशा! मिशा!" बेडूक म्हणला. "भोंगा झाला की माझ्या मिशा!" कचक कचक.

रहाट विहिरीवरच होता. लाकडाचा. म्हातारा. फिरला की कुरकुरायचा. न फिरता पण कुरकुरायचा.

"रहाटा रे रहाटा, फिर की!
मावशी मळेना,
मासा गिळेना,
मिशा काही वाचेनात!"

रहाट म्हणला, "कर्रर्र! फिरायला मला काय झालंय? पण दोरी कुठंय? सकाळीच पळाली. पोहायला जाते म्हणली. डोहात. दोरी आली तर फिरेन. नाहीतर नाही."

दोरी पोहायला गेली! घ्या आता.

पुढं खुट्टू, तुरू तुरू.
मागं गुबी, तुरू तुरू.
तिच्या मागं बेडूक, टपाक टपाक.
हातात कात्री, कचक कचक.

आला ओढ्याचा डोह. डोहात मासे? असतील. पण दिसणार कसे? आख्ख्या डोहात म्हैस बसली होती. पाणी बिचारं कडेला उभं होतं.

म्हशीखालनं दोरीचं एक टोक बाहेर आलं होतं. वळवळ, वळवळ.

"दोरी गं दोरी, सूट की!
रहाट फिरेना,
मावशी मळेना,
मासा गिळेना,
मिशा काही वाचेनात!"

दोरी म्हणली, "सुटू कशी? मी मजेत पोहत होते. वरनं म्हैस बसली. बघितलं पण नाही! म्हैस उठली तर सुटेन. नाहीतर नाही."

खुट्टू म्हशीच्या नाकासमोर गेला. म्हशीनं श्वास सोडला. फुर्रर्र! खुट्टू उडून मागं पडला. पुन्हा आला.

"म्हशी गं म्हशी, ऊठ की!
दोरी सुटेना,
रहाट फिरेना,
मावशी मळेना,
मासा गिळेना,
मिशा काही वाचेनात!"

म्हशीनं एक डोळा उघडला. "कशाला उठू? पाठीला खाज सुटलीय. परवापासनं. खाजवल्याशिवाय मी हलत नसते."

"मी खाजवतो!" खुट्टू पाठीवर चढला. खाजव खाजव खाजवलं. दमला.

म्हैस म्हणली, "कधी सुरू करणार?"

"झालं की!"

"होय का? मला वाटलं, माशी बसली. नको, राहू दे. बगळ्याला बोलाव. बगळ्यानं खाजवलं तर उठेन. नाहीतर नाही."

"मिशा! मिशा!" बेडूक म्हणला. "भोंगा झाला की माझ्या मिशा!" आता त्यानं आरसा पण आणला होता. ओठावर गवताच्या काड्या धरून बघत होता. डावीकडनं. उजवीकडनं.

खुट्टूनं विचारलं, "गुबे, बगळा कुठं असतो गं?"

"म्म्म," गुबी म्हणली. आणि बोट दाखवलं. बंधाऱ्याकडं.

पुढं खुट्टू, तुरू तुरू.
मागं गुबी, तुरू तुरू.
तिच्या मागं बेडूक, टपाक टपाक.
हातात कात्री, कचक कचक.

आला बंधारा. पाणी वरनं खाली, धो धो. मासे उड्या मारत होते. जागा एक नंबर! पण शेवाळ?

खुट्टू घसरला. सुर्रर्र.
गुबी घसरली. सुर्रर्र.
बेडूक हसला. मग बेडूक पण घसरला. सुर्रर्र, धप्प!

"लहान पोरीला घेऊन इथं यायचं नाही," खुट्टू बूड चोळत म्हणला.

बंधाऱ्यावर बगळा उभा होता. एका पायावर. तोंड लांब करून.

"बगळ्या रे बगळ्या, खाजव की!
म्हैस उठेना,
दोरी सुटेना,
रहाट फिरेना,
मावशी मळेना,
मासा गिळेना,
मिशा काही वाचेनात!"

बगळा म्हणला, "येऊ कसा? माझा एक पाय हरवलाय."

"हरवलाय?"

"काल झोपलो तेव्हा दोन होते. उठून बघतो तर एकच! चोरीला गेला, दुसरं काय."

"कुणी चोरला?"

"खेकड्यानं! मला एक पाय, त्याला दहा. कुठनं आले एवढे? तूच सांग. माझा पाय परत आला तर खाजवायला जाईन. नाहीतर नाही."

पुढं खुट्टू, तुरू तुरू.
मागं गुबी, तुरू तुरू.
तिच्या मागं बेडूक, टपाक टपाक.
हातात कात्री, कचक कचक.

आला छोटा पूल. पुलाखाली गारेगार. मासे पण होते, बारके बारके. पण दगडादगडात खेकडे! एका खेकड्यानं गुबीच्या शेपटीकडं बघितलं आणि विचारलं, "शेवई का?"

"शेवई नाही, बहीण आहे माझी!" खुट्टू म्हणला. "गुबे, शेपटी आत घे. ही जागा पण नको."

"खेकड्या रे खेकड्या, बगळ्याचा पाय दे की!
बगळा खाजवेना,
म्हैस उठेना,
दोरी सुटेना,
रहाट फिरेना,
मावशी मळेना,
मासा गिळेना,
मिशा काही वाचेनात!"

खेकडा म्हणला, "मी कशाला घेऊ त्याचा पाय? माझेच दहा मला आवरत नाहीत! सरळ चला म्हणलं की तिरके जातात. बगळ्याचा पाय कुठंय, मला माहितीय. पण सांगणार नाही."

"का?"

खेकड्यानं इकडं तिकडं बघितलं. मग हळूच म्हणला, "मला गुदगुली पाहिजे."

"काय?"

"गुदगुली! सगळ्यांना कुणी ना कुणी गुदगुली करतं. मला आजपर्यंत कुणी केली नाही. पाठ बघ माझी. टक टक! दगड नुसता. तू गुदगुली केलीस तर पाय दाखवायला येईन. नाहीतर नाही."

खुट्टूनं बोटानं केली. काही नाही.
शेपटीनं केली. काही नाही.
काडीनं केली. "ए, टोचतंय!"

गुबीनं दादाची शेपटी ओढली. "म्म्म! म्म्म!" आणि बोट दाखवलं. कुठं? दादाच्या मिशांकडं!

खुट्टू खाली वाकला. खेकड्याच्या पोटाखाली मिशा घातल्या. तीन इकडं, तीन तिकडं. आणि हलवल्या. झुळझुळ, झुळझुळ.

"ए!" बेडूक ओरडला. "माझ्या मिशा घाण करू नको!"

खेकड्याचे डोळे गोल झाले. एक पाय हलला. मग दुसरा. मग दहाच्या दहा.

"खिक!" खेकडा म्हणला.
"खिक खिक!"
"खिक खिक खिक! बास! बास! नको, अजून कर! खिक खिक खिक!"

मग काय! खेकडा तिरका तिरका धावत सुटला. बंधाऱ्यावर गेला. बगळ्यापाशी आला. बगळा ज्या पायावर उभा होता, त्याच पायाला धरलं चिमट्यात. टच्च!

"ओय ओय ओय!"

बगळ्यानं तो पाय वर उचलला. आणि पडू नये म्हणून, पोटाच्या पिसातनं, दुसरा पाय खाली आला!

"सापडला!" बगळा ओरडला. मग खाली बघितलं. "अरे, पण आता तो गेला!"

"दोन्ही खाली ठेव की, शहाण्या!" खेकडा म्हणला.

बगळ्यानं दोन्ही ठेवले. एक, दोन. मोजले. पुन्हा मोजले. दोनच भरले.

मग धमाल उडाली.

बगळा उडाला, फडफड फडफड.
बगळ्यानं खाजवलं, खस्स खस्स.
म्हैस उठली, धबाऽऽक!

पाणी एवढं उडालं, एवढं उडालं, की बेडूक चिंचेच्या झाडावर जाऊन बसला. कात्री पण. आरसा पण.

दोरी सुटली, सळसळ सळसळ.
रहाट फिरला, कर्र कर्र.
पाणी आलं, घळाघळा.
मावशीनं मळली, थप थप.
आणि गोळी दिली. गूळ घालून. ज्वारीच्या दाण्याएवढी. एकच.

"अजून एक दे की," खुट्टू म्हणला.

मावशी म्हणली, "पोळ्या कशाच्या करू मग? पळ! भोंगा होत आलाय."

खुट्टूनं गोळी टाचणीला लावली. काडी खांद्यावर टाकली. गोळी मागं लोंबायला लागली. आणि मागं कोण होतं?

शू. सांगू नका.

पुढं खुट्टू, तुरू तुरू.
मागं गुबी, तुरू तुरू.
तिच्या मागं बगळा, दोन्ही पायांवर, टांग टांग.
त्याच्या मागं खेकडा, तिरका तिरका.
त्याच्या मागं म्हैस, धब धब.
आणि चिंचेवरनं उतरला बेडूक, टपाक टपाक.
हातात कात्री, कचक कचक.

बेडूक म्हणला, "खुट्ट्या, गोळी किती?"

"एक."

"आणि मासे किती म्हणला होतास?"

खुट्टू थांबला. "दोन."

"एक गोळी, एक मासा! मग दुसरा कशानं आणणार? मिशांनी?"

झाली का बोंब? आता मात्र खुट्टू रडकुंडीला आला. एक तर एक. निदान एक तरी. आलं तळं. टाकला गळ. डुबुक.

मासा वर आला. बुडबुड. "आलास? दाखव गोळी."

"ही बघ!"

टाचणी रिकामी.

रिकामी! पुन्हा!

"माझी गोळी कुणी घेतली?" खुट्टू ओरडला.

बगळा म्हणला, "मी नाही."
खेकडा म्हणला, "मी नाही."
म्हैस म्हणली, "ज्वारीच्या दाण्यानं माझं काय होतंय? मी नाही."
बेडूक म्हणला, "मी नाही. मला फक्त मिशा पाहिजेत."

"गुबे?"

"म्म्म."

गुबीचा डावा गाल टम्म. गुबीचा उजवा गाल टम्म. डोळे मधे बारीक बारीक.

खुट्टूला काही दिसलंच नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो खाली बसला. डोळे मिटले. तोंड पुढं केलं.

"घे," तो बेडकाला म्हणला. "पैज ती पैज."

बेडूक पुढं आला. कात्री उघडली. कचक. पहिली मिशी धरली. आता कापणार, एवढ्यात...

गुबीनं मिशीकडं बघितलं. ही गुदगुलीची मिशी! रोजची!

गुबीनं मारली उडी. कात्रीच्या मधे. आणि उघडलं तोंड.

"मी!"

डुबुक! एक गोळी पाण्यात पडली.

"मी घेतली!"

डुबुक! दुसरी गोळी पाण्यात पडली.

"दादाच्या मिशा नाही कापायच्या! दोन्ही गोळ्या मीच घेतल्या! पहिली पण मी! दुसरी पण मी! खाल्ल्या नाहीत, नुसत्या चोखल्या! गूळ होता!"

गपाक! माशानं एक गोळी गिळली.
गपाक! अजून कुणीतरी दुसरी गिळली.

"ही कोण?" खुट्टूनं विचारलं.

"माझी धाकटी बहीण," मासा म्हणला. "सगळीकडं मागं मागं येते. काय करणार?"

"माहितीय मला," खुट्टू म्हणला.

मासा म्हणला, "एक गोळी, एक मासा. दोन गोळ्या, दोन मासे. आण करवंटी. पण दाखवून झालं की परत सोडायचं हं!"

खुट्टूनं काठावर पडलेल्या करवंटीत पाणी भरलं. मासा उडी मारून आत. चुबुक! माशाची बहीण आत. चुबुक!

आणि तेवढ्यात...

भोंऽऽऽऽऽ!

बेडकानं करवंटीत वाकून बघितलं. एक. दोन. पुन्हा बघितलं. एक. दोन. कात्री हातातनं पडली. टण्ण.

"पण... पण मला मिशा..."

खेकडा म्हणला, "तू ये रे पुलाखाली. मी तुला चिमट्यानं गवताच्या मिशा लावून देतो. पण आधी घोडा हो. पैज ती पैज!"

खुट्टूनं मासे परत सोडले. चुबुक, चुबुक. "उद्या ये," मासा म्हणला. "हिला खेळायला कुणी नाही. गुबीला पण आण."

मग बेडूक झाला घोडा. वर बसला खुट्टू. त्याच्या मागं बसली गुबी. टपाक टपाक, टपाक टपाक. आणि गुबीचं तोंड? ते सुरू झालं ते सुरूच.

"दादा, विहीर केवढी खोल! दादा, म्हैस कसली धबाक! दादा, बगळ्याचा पाय पिसात होता, मला आधीच दिसला होता! दादा, तो खेकडा मला शेवई म्हणला!"

"पाय दिसला होता? मग सांगितलं का नाहीस? आणि गोळीचं? किती वेळा विचारलं तुला!"

"तूच म्हणलास, तोंड उघडायचं नाही. तू सांगेपर्यंत. तू सांगितलंच नाहीस!"

खुट्टूनं डोकं खाजवलं.

बेडूक धापा टाकी, पण थांबेना.
खुट्टू बोलेना.
गुबी काही थांबेना!

आलं घर. दारात आई.

"आई, आई!" गुबी म्हणली. "मी आख्खी सकाळ बोललेच नाही! एक शब्द नाही! नुसतं म्म्म!"

आईनं कमरेवर हात ठेवले. "माझी पोर? आख्खी सकाळ गप्प? कुणाचं काम हे?"

बेडूक म्हणला, "मी नाही."

गुबी म्हणली, "मी नाही."

खुट्टूनं जमिनीकडं बघितलं. मिशा खाली गेल्या. तीन इकडं, तीन तिकडं.

"मी," खुट्टू म्हणला. "आणि आई... मला मासा धरता येतच नाही."